गिअरबॉक्सचा ताप

ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याला गिअरबॉक्सची आठवण सहसा येत नाही. इंजिनाचा आवाज कानावर असतो, ब्रेक पायाला कळतात, टायर रस्त्याची खबर देत राहतात. गिअरबॉक्स मात्र दोन सीटांमधल्या उंचवट्याखाली गप्प राबत असतो. इंजिनाच्या पाण्यासाठी डॅशबोर्डवर काटा आहे. गिअरबॉक्सच्या तेलासाठी बहुतेक जुन्या गाड्यांत काहीच नाही. तेल तापलं, करपलं, आतल्या क्लचप्लेटा जळायला लागल्या, तरी पत्ता लागतो तो गिअर घसरू लागल्यावर, आणि तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून माझं ठाम मत असं की, जुनी ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्याने पहिला खर्च रंगावर किंवा क्रोमवर न करता गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर बसवण्यावर करावा.

माझी गाडी १९६६ची फोर्ड मस्टँग. २८९ घनइंचांचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्याच्या मागे फोर्डचा सी-४ हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फोर्डने तो १९६४मध्ये आणला आणि पुढची पंधराएक वर्षं कितीतरी गाड्यांत वापरला. वजनाला हलका, बांधणीला साधा, उघडून बसवायला सोपा. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत गिअरच्या दांड्यापाशी 'डी' हे अक्षर नाही. त्या जागी दोन टिंबं आहेत. मोठ्या हिरव्या टिंबावर दांडा आणला की गाडी पहिल्या गिअरवर सुटते आणि तिन्ही गिअर वापरते. लहान टिंबावर आणला की थेट दुसऱ्यावर सुटते, बर्फात किंवा चिखलात चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून. १९६७पासून ही मांडणी बदलली. ते हिरवं टिंब मला फार आवडतं. गाडीत बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते आवर्जून दाखवते.

मी राहते लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या उपनगरात. इथून कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात जायचं तर आय-५ महामार्गाने तेहोन पास ओलांडावा लागतो. उंची सुमारे १,२६० मीटर. जाताना त्रास होत नाही. परतताना मात्र खोऱ्याच्या सपाटीवरून रस्ता एकदम वर उठतो आणि कित्येक किलोमीटर चढतच राहतो. या चढाला सगळे ग्रेपव्हाइन म्हणतात. उन्हाळ्यात खाली खोऱ्यात पारा चाळिशीच्या पलीकडे असतो, आणि चढाच्या सुरुवातीलाच पाट्या लागतात: इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. याच डोंगरातून १९१५मध्ये रिज रूट नावाचा पहिला मोटाररस्ता काढला होता, वळणावळणांचा. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं हा डोंगर गाड्यांना तापवतो आहे.

एक्स्प्रेसवे व्हायच्या आधीचा बोरघाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र नवं नाही. बॉनेट उघडून कडेला लागलेल्या पद्मिनी आणि अँबॅसडर, चाकामागे दगड, ओल्या फडक्याने रेडिएटरचं झाकण सोडणारा ड्रायव्हर, पाण्याची बाटली घेऊन उभी मुलं. पण तिथे तापलेलं पाणी वाफ होऊन डोळ्यांना दिसायचं. गाडी थांबायची, माणसं थांबायची, पाणी घालायची, पुढे जायची. ऑटोमॅटिकच्या तेलाची वाफ दिसत नाही. पाण्याचा काटा मध्यावर असतानाही तेल हाताबाहेर गेलेलं असू शकतं, आणि गाडी कुरकूर न करता चढत राहते.

तेल एवढं तापतं कशाने? साध्या गिअरच्या गाडीत क्लच सोडला की इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडले जातात. ऑटोमॅटिकमध्ये त्या दोघांच्या मध्ये तेल असतं. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद डब्यात समोरासमोर पात्यांची दोन चक्रं. इंजिनाला जोडलेलं चक्र तेल फेकतं, त्या माऱ्याने समोरचं चक्र फिरतं, आणि मधलं तिसरं छोटं चक्र, स्टेटर, परतणारं तेल योग्य दिशेला वळवून जोर वाढवतं. ही रचना मला आजही थक्क करते. थांबलेली गाडी इंजिन बंद न पडता गिअरमध्ये उभी राहू शकते ती यामुळेच. पण दोन्ही चक्रं अगदी एका वेगाने कधीच फिरत नाहीत. गिअरबॉक्सकडचं चक्र जरा मागे राहतं, आणि त्या फरकात गेलेली सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कन्व्हर्टरमध्येच एक क्लच सर्रास येऊ लागला, जो सरळ रस्त्यावर दोन्ही चक्रं जखडून ठेवतो. माझ्या गाडीत तो नाही. तिचा कन्व्हर्टर सतत थोडा घसरतच चालतो.

साधा हिशेब करून पाहा. चढावर इंजिन ४० किलोवॅट ताकद देत असेल आणि त्यातली दहा टक्के कन्व्हर्टरमध्ये वाया जात असेल, तर ४ किलोवॅट उष्णता तेलात जाते. आपल्या बाथरूममधले २ किलोवॅटचे दोन गिझर, चढ संपेपर्यंत एकसारखे चालू, आणि तापायला सगळं मिळून आठेक लिटर तेल.

आणि हे तेल नुसतं वंगण नाही. तेच ताकद पोचवतं, तेच दाबाने क्लच आणि बँड, म्हणजे फिरत्या ढोलाभोवतीचे पट्टे, आवळतं, तेच बेअरिंगांना ओलं ठेवतं, तेच उष्णता बाहेर नेतं. तेल बिघडलं तर या चारही कामांचा एकदम बोजवारा उडतो. मेकॅनिकांचा जुना ठोकताळा असा: ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तेल सुखात असतं, त्यापुढे दर दहाअकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होत जातं. ११५च्या वर व्हॉल्व्हांवर वार्निशसारखा चिकट थर धरू लागतो. १२५-१३०ला रबरी सील कडक होतात. दीडशेच्या घरात क्लचप्लेटा घसरून जळू लागतात. ताजं तेल माणकासारखं लाल असतं. तेल बघायची कांडी, डिपस्टिक, काढून पांढऱ्या कागदावर टेकवली आणि डाग तपकिरी पडला, करपल्याचा वास आला, तर पुढचं वेगळं सांगायला नको.

या तेलाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जनरल मोटर्सच्या धाटणीच्या ऑटोमॅटिक तेलांत गिअर अलगद बदलावा म्हणून जे द्रव्य घालत, ते स्पर्म व्हेलच्या तेलापासून बनवलेलं असे. अमेरिकेतल्या लाखो घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या पोटात व्हेलचा अंश होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या तेलावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला. बंदी आली ते फार बरं झालं. फोर्डचं टाइप एफ तेल वेगळ्या स्वभावाचं: त्यात असं सरकवणारं द्रव्य नसतं, त्यामुळे क्लच पटकन आणि घट्ट धरतात. माझ्या गाडीला तेच लागतं. दुकानात 'सगळ्या गाड्यांना चालणारं' म्हणून मिळणारं तेल मी तिला घालत नाही.

आता कुणी म्हणेल, फोर्डच्या इंजिनिअरांना हे कळत नव्हतं का? कळत होतं. गिअरबॉक्समधून दोन स्टीलच्या नळ्या पुढे येतात आणि रेडिएटरच्या खालच्या टाकीत दडवलेल्या एका छोट्या कूलरला जुळतात. खालच्या टाकीत रेडिएटरमधून निवून आलेलं पाणी असतं. तेल त्यात आपली उष्णता सोडून परत जातं. सपाट रस्त्यावर, नव्या गाडीत, हे पुरेसं होतं. पण पाणी स्वतः जेवढं तापलेलं आहे त्याच्या खाली ते तेलाला कधीच उतरवू शकत नाही. आणि चढावर, ऐन उन्हात, जेव्हा तेलाला थंडाव्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच पाणीही तापलेलं असतं. त्यात साठ वर्षांचा रेडिएटर आतून क्षाराने भरलेला.

जुन्या रेडिएटरचा याहून मोठा धोका वेगळाच आहे. आतला तेलाचा कूलर गंजून फुटला की पाणी आणि तेल एक होतात. इकडचे मेकॅनिक त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात, कारण दिसतं ते तसंच: गुलाबी, फेसाळ, दाट. रेडिएटरच्या पाण्यातलं ग्लायकॉल क्लचप्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो गोंदच सोडवतं, आणि अख्खा गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून मी आधी त्याच मापाचा, त्याच घडणीचा नवा तांब्या-पितळेचा रेडिएटर बसवून घेतला. काही जण या भीतीने रेडिएटर पूर्ण वगळून सगळं तेल बाहेरच्या कूलरमधूनच नेतात. मी तसं केलं नाही. थंड सकाळी इंजिनाचं पाणी आधी तापतं आणि तेलालाही लवकर ऊब देतं. तो उपयोग सोडायचा कशाला? तेल आधी रेडिएटरमधून जातं, मग नव्या कूलरमधून, आणि तिथून गिअरबॉक्समध्ये परततं.

मूळ रूप जपणाऱ्या मंडळींना हे रुचत नाही. मस्टँगच्या प्रदर्शनांत काटेकोर परीक्षण होतं: बोल्टावरची खूण, नळीवरचा पट्टा, सगळं कारखान्यातून आलं तसंच हवं, आणि ज्यादा कूलर दिसला की गुण कापले जातात. त्या परीक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यामुळेच आज आपल्याला कळतं की १९६६मध्ये ही गाडी नेमकी कशी होती. पण त्या एका वर्षात सहा लाखांवर मस्टँग बनल्या. त्यांतल्या काही काचेआड जपल्या जाव्यात, हे योग्यच. बाकीच्यांनी रस्त्यावर राहावं, कारण ही गाडी रस्त्यासाठी, तरुण पगारदारांना परवडावी म्हणून बनली होती. तिला ग्रेपव्हाइन चढवत नसेल तर तिच्यातला बराचसा १९६६ हरवला असंच मी म्हणेन. माझी अट एकच होती: जे करायचं ते पुसून टाकता आलं पाहिजे. मूळ नळी कापायची नाही, पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही.

कूलर तीन प्रकारचे मिळतात. एक नळी वळवून तिच्यावर पातळ पत्रे चढवलेला, तो सर्वांत स्वस्त. दुसरा चपट्या पट्ट्यांचा. तिसरा एकावर एक प्लेटा रचलेला. तो महाग, पण त्याच आकारात जास्त उष्णता काढतो, आणि तेल थंड व दाट असताना ते बारीक वाटांत न अडकता सोप्या वाटेने निघून जातं. मी हा तिसरा घेतला. साधारण २८ सेंटिमीटर रुंद, १५ उंच, काळा. माझ्या गाडीला एसी नाही, त्यामुळे रेडिएटरच्या पुढे जागा मोकळी होती.

या कूलरबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या मी वापरल्या नाहीत. त्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालून कूलर त्याच्यावरच टांगायचा असतो. काम झटपट होतं, पण गाडीच्या थरथरीने काडी जाळीला घासत राहते आणि एक दिवस पाण्याची नळी भोकसते. त्याऐवजी रेडिएटर ज्या बोल्टांवर उभा आहे त्याच बोल्टांवर दोन लोखंडी पट्ट्या घेतल्या आणि कूलर त्यांना लावला, रेडिएटरपासून बोटभर अंतर राखून. तोंडं वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आत हवा अडकत नाही.

जाणारी नळी कुठली आणि येणारी कुठली, हे ओळखायला पुस्तक लागत नाही. थंड गाडी सुरू करायची, ब्रेक दाबून गिअरमध्ये जरा धरायची, बंद करायची आणि दोन्ही नळ्यांना हात लावायचा. जिला आधी ऊब आली ती गिअरबॉक्सकडून येते. नवा कूलर दुसरीवर.

नट सोडवताना मात्र घाई करू नये. स्टीलची ५/१६ इंची नळी रेडिएटरच्या टाकीवरच्या पितळी फिटिंगमध्ये बसलेली असते आणि ते पितळ टाकीला फक्त डागाने धरलेलं असतं. एकाच पान्याने जोर लावला तर नट सुटायच्या आधी फिटिंगच पिळवटून निघतं. म्हणून दोन पाने हवेत: एक पितळावर घट्ट धरून ठेवायला, दुसरा नटाला. नटासाठी साधा उघडा पाना चालत नाही, कडा गोल होतात. तोंडाला खाच असलेला, जवळजवळ पूर्ण वेढा घालणारा फ्लेअर नटाचा पाना लागतो. तो नटावर नीट बसला की हाताला कळतं. आधी काहीच हलत नाही, मग टक्क असा एक आवाज येतो आणि नट सैल पडतो. पाठोपाठ लाल तेलाची धार.

नळीचं तोंडही पाहण्यासारखं असतं. स्टील ४५ अंशांत बाहेर उमलवून पुन्हा आत दुमडलेलं, दुहेरी. शर्यतीच्या गाड्यांच्या फिटिंगांचा कोन ३७ अंश असतो. कोन जुळत नसेल तर कितीही आवळा, तेल झिरपणारच. मला दोन्हीकडे ४५ अंशांचेच जोड मिळाले, त्यामुळे मूळ नळी जशीच्या तशी राहिली. होज, म्हणजे रबरी नळी, घेतला तो एसएई जे १५३२ हे मानक छापलेला, गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठीच बनवलेला. पेट्रोलचा होज दिसायला तसाच असतो आणि स्वस्तही, पण तो या कामाचा नाही. आणि होज नुसत्या गुळगुळीत नळीवर चढवून क्लॅम्प आवळू नये. नळीच्या टोकाला उभार कडं हवं, म्हणजे दाबाने होज निसटत नाही. हा होज निसटला तर गिअरबॉक्सचं सगळं तेल बघता बघता रस्त्यावर येतं, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

तेलाचं तापमान बघायला मी कूलरच्या आधीच काटा बसवला होता. त्याचा सेन्सर पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या परातीत, हवा होता, कारण पंप तेल उचलतो ते तिथूनच. मूळ पॅनला हात न लावता दुसरा जुना पॅन मिळवला, त्याला फिटिंग वेल्ड करून घेतलं, आणि मूळ पॅन धुऊन, कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. या गिअरबॉक्सची डिपस्टिकची नळी थेट पॅनलाच लागते. ती सोडवली की तेल उतरतं.

माझे काका महाडला एसटीच्या डेपोत फिटर होते. वरंध घाट चढून-उतरून आलेल्या गाड्यांखाली त्यांची उमेदीची वर्षं गेली. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना फोन बॉनेटच्या आत धरून सगळं दाखवलं. ऑटोमॅटिक त्यांनी कधी उघडलेला नाही, तरी प्रश्न बरोबर तिथलेच आले.

"थंडीत तेल दाट झालं तर एवढ्या बारीक वाटेनं जाईल का गं?"

मी प्लेटांमधली सोपी वाट समजावून सांगितली.

"बरं. आणि तेल बघतेस कधी? थंड गाडीवर?"

"नाही काका, गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, दांडा 'पार्क'वर. तुम्ही सांगितलं होतं ना, तेल फुगतं म्हणून."

"ते इंजिनाचं सांगितलं होतं. पण चालेल, बरोबर आहे." मग जरा थांबून म्हणाले, "होज पत्र्यातनं जातो तिथं दाखव."

रेडिएटरच्या सपोर्टला आधीपासून असलेल्या भोकातून दोन्ही होज मागे येतात. मी तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं, बसवला होता. त्यांनी फोन अजून जवळ न्यायला लावला, मग दिवा मारायला लावला. "ग्रोमेट सरकतो. त्याच्यावर जुन्या होजचा तुकडा उभा चिरून घाल, आणि बांधून टाक. घासून गेलेली नळी मी जेवढी पाहिलीय तेवढी फुटलेली नाही पाहिली." मी तसंच केलं.

कूलर बसवायच्या आधी ग्रेपव्हाइनच्या माथ्यावर काटा ११०च्या पुढे जायचा, आणि ट्रकमागे रांगत चढावं लागलं तर त्याहून वर. कूलरमध्ये आणि होजमध्ये मिळून अर्ध्या लिटरच्या वर तेल ज्यादा बसलं. ते भरून, गळती तपासून मी गणपतीला सॅन फ्रान्सिस्कोकडच्या बे एरियातल्या मैत्रिणीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात परतले, मागच्या सीटवर मोदकांचा डबा. चढाला लागताना काटा ८२वर होता. अर्ध्यावर ९०. माथ्यावर ९४ला टेकून तिथेच राहिला, आणि उतार लागताच खाली येऊ लागला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गिअर पडतानाचा तो ठाम झटका, टाइप एफचा, जसा खाली सपाटीवर होता तसाच वर होता. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने "वा!" म्हणाले.

पलीकडे उतरल्यावर गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि दिवा मारून एकेक जोड पाहिला. सगळे कोरडे. फोटो काकांना पाठवले. तिकडे पहाट झाली होती, त्यांचं उत्तर लगेच आलं: "छान. हजार किलोमीटरला क्लॅम्प परत आवळ. नवं रबर बसतं."